फिरती ढाल

नाही हो काका, मावशी नाही, आई आहे मी तिची — सख्खी, सिझेरियन झालेली, टाके पडलेली आई — ती मावशी म्हणते कारण मीच तिला तसं म्हणायला शिकवलंय — अहो असं बघू नका माझ्याकडं, पोरं पळवणारी बाई अशी कंपनीची साडी नेसून, छातीवर नावाचा बॅज लावून, बगलेत एवढी मोठी ढाल घेऊन येते का? — बरं, येत असेल, तुमचा अनुभव मोठा, दर वर्षी नुमाईशीच्या ह्या प्रदर्शनात हरवलेली पोरं सांभाळताय, मी कोण सांगणार — पण तिलाच विचारा की! सायले, सांग गं हणमंतरावकाकांना, तुझ्या आईचं नाव काय? — आई. बरोबर आहे तिचं, आईचं नाव आई. आता मी कोण ते सांग. घाबरू नकोस, खरं सांग. — ऐकलं. ऐकलं मी पण, बहिरी नाहीये. मावशी. काय पण पोरगी आहे, घरी एक गोष्ट दहादा सांगितली तरी ऐकत नाही, आणि ही एवढी एकच गोष्ट अशी पक्की डोक्यात बसवून घेतलीय की आता मलाच काढता येईना!

नको, नको, नक्को — त्या माईकला हात लावू नका, पाया पडते तुमच्या — मघाशी एकदा लावलात तेवढा पुरे झाला. तुमचं काही चुकलं नाही, पोरगी एकटी सापडली, मराठी बोलते म्हणून लोकांनी तुमच्या ह्या तंबूत आणून दिली, तुम्ही बिस्किटं दिलीत, उपकार आहेत तुमचे — पण ते 'सायली नावाची मुलगी, लाल फ्रॉक, तिच्या आईनं येऊन घेऊन जावं' — मराठीत, उर्दूत, तेलुगूत, तीन-तीन वेळा! — आणि तुमचा तो कर्णा बांधलाय कुठं? आमच्या स्टॉलच्या खांबाला! आमचा म्हणजे पेजरवाल्यांचा, त्या काश्मिरी शालींच्या समोर. पेजर माहितीय ना? कमरेला लावायची डबी, टीं-टीं वाजते. तुम्ही आम्हाला फोन करायचा, निरोप सांगायचा, आम्ही टाईप करायचा, की त्या माणसाच्या डबीवर उमटला. मी तिथं शिफ्टची सुपरवायझर आहे. निरोप घ्यायचा, जसाच्या तसा परत वाचून दाखवायचा, 'मेसेज रिपीट करती हूँ सर', आणि सोडून द्यायचा. स्वतःचं एक अक्षर आत घालायचं नाही. ही आमची पहिली शिकवण. दिवसभर लोकांचं 'बाळाला ताप आहे, लवकर या', 'बाळाचं दूध संपलं, येताना आणा' हेच करत असते मी. आणि माझ्या स्वतःच्या बाळाचा निरोप ऑफिसात कुणाला कळता कामा नये. का म्हणून काय विचारता? कारण ऑफिसच्या हिशेबानं ही वारलीय.

अहो बसा, बसा, उठू नका. पोलिसांना कशाला हाक मारताय? — शुद्धीवर आहे मी, पूर्ण शुद्धीवर. सांगते. सायले, तू बिस्कीट खा, ही ढाल धर, खेळ तिच्याशी, पाडू नको पायावर.

हे बघा, आम्ही पुण्याचे. उदयची — माझ्या मिस्टरांची — बदली झाली म्हणून इकडं आलो, काचीगुड्याला घर घेतलं भाड्यानं, आणि सहा महिन्यांत त्यांच्या कंपनीनं सगळ्यांना हात जोडून घरी बसवलं. स्वेच्छानिवृत्ती म्हणतात त्याला — स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. उदारीकरण झालं ना! म्हटलं ठीक आहे, एकीकडं बंद पडतंय तर दुसरीकडं उघडतंयही, रोज पेपरात जाहिराती, 'स्मार्ट तरुणी पाहिजेत'. गेले. पुण्यात नोकरी केलेली होती मी, टायपिंग येतं, इंग्रजी येतं, आवाज तर तुम्ही ऐकताच आहात. सगळीकडं सगळं पसंत पडायचं, चहा यायचा, आणि शेवटी हसत हसत — बच्चे? — मी म्हणायची, एक मुलगी आहे, तीन वर्षांची. — अच्छा, वेरी स्वीट, हम बताएँगे. — बताएँगे म्हणजे नाही, हे कळायला मला तीन ऑफिसं लागली. पुण्यातही तेच झालं होतं म्हणा, बाळंतपणाहून परत गेले तर माझ्या खुर्चीवर दुसरीच, आणि साहेब म्हणतात, तुम्ही आराम करा, बाळाकडं बघा — मी काय थकून आले होते का त्यांच्याकडं? कामाला आले होते! — असो. मग हा पेजरवाल्यांचा इंटरव्ह्यू. मूर्तीसर म्हणून मॅनेजर आहेत, देवमाणूस, हो, खरंच देवमाणूस, पुढं ऐका म्हणजे कळेल. त्यांनी विचारलं, मॅरीड? मी म्हटलं, येस सर. मग त्यांनी विचारलं — पापा?

आता तुम्ही हसताय, तुम्ही इथलेच, तुमच्या आजोबांपासून सुलतान बाजारात, तुम्हाला तेलुगू येतं. मला काय ठाऊक! आपल्याकडं पाप वेगळं, गालाचा पापा वेगळा, आणि पप्पा म्हणजे वडील. मला वाटलं, वडील काय करतात म्हणून विचारतायत. तर वडील नुकतेच — नुकतेच म्हणजे दोन वर्षं झाली होती, पण माझं अजून भरून यायचं, माझा फार जीव होता हो त्यांच्यावर, मला सायकलवर डबलसीट घेऊन टायपिंगच्या क्लासला सोडायचे — मी म्हटलं, पापा एक्स्पायर्ड, सर. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हौ ओल्ड? मला वाटलं, किती दिवस झाले. टू इयर्स, सर. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं काय सज्जन माणूस आहे, अनोळखी बाईच्या वडिलांसाठी डोळे पाणावले, ते बघून मला आणखीच रडू फुटलं. मग अगदी हळू आवाजात विचारतात, नो मोअर? — मी म्हटलं, नो मोअर, सर. — गेले की हो ते, आणखी काय नो मोअर! — त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी दिलं, 'कम फ्रॉम मंडे' म्हणाले. मी घरी येऊन पप्पांच्या फोटोला हार घातला, म्हटलं, गेल्यावरसुद्धा तुम्हीच सोडलंत मला कामाला.

कळलं ते नंतर. ऑफिसात सगळी माझ्याशी हळू बोलायची, डब्यातला गोड घास आधी मला द्यायची, आणि मी खोलीत आले की पोराबाळांच्या गप्पा गपकन बंद. मला वाटलं, ही इथली रीत असेल. मग त्रिवेणी म्हणून आहे, तुमच्यासारखीच इथली मराठी, निजामाच्या काळापासूनची, ती एक दिवस मला जिन्यात धरून रडायला लागली — 'माय, कसं सोसलीस गं, दोन सालाचं लेकरू!' — मी म्हटलं, कुठलं लेकरू? तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. 'अगं पोट्टे, तेलुगूत पापा म्हंजे लहान पोरगी!' — म्हणजे सरांचं ते 'नो मोअर' आणखी पोरं नाहीत का म्हणून होतं! — आम्ही दोघी जिन्यात बसून इतक्या हसलो, इतक्या हसलो — आणि हसू थांबल्यावर मी म्हटलं, आत्ता जाऊन सांगते सरांना. तर त्रिवेणी उठली आणि माझा पदरच धरला. म्हणाली, कैकू सांगतीस? माझ्याकडं बघ.

तर त्रिवेणीकडं बघा तुम्ही पण. ती शिफ्टची सुपरवायझर होती, माझ्या आधीची. सगळ्यांत वेगवान बोटं. मुलगा झाला, परत आली, एक दिवस त्याला ताप म्हणून अर्धा दिवस मागितला — एकच दिवस! — तर मूर्तीसरांना तिची दया आली. दयाच हो, राग नाही, राग परवडला असता. म्हणाले, बिचारीला लहान मूल, कशाला शिफ्टचा ताण, आणि तिला खाली तळघरात बिलं पाकिटात घालायला बसवली, पगारही कमी, ताण कमी म्हणून. आणि तिची जागा दिली कुणाला? — मला. जिला काही ताण नाही तिला. आणि त्याच आठवड्यात आमच्या मार्केटिंगच्या शिवराजला जुळं झालं, त्यानं पेढे वाटले, तर त्याचा पगार वाढवला! का? तर, आता जबाबदारी वाढली! — हसू नका हो काका, मी पण पेढा खाल्ला तो. बाप झाला की जबाबदार, आई झाली की बिचारी. आणि माझ्यासारखीचं लेकरू मेलं की सुपरवायझर. ह्यात मी खरं कुठं सांगू आणि कुणाला? उदय घरी, घरभाडं माझ्यावर, सायलीची शाळा माझ्यावर. मी गप्प बसले. खोटं बोलले नाही, एक अक्षर घातलं नाही आतमध्ये. त्यांनी जो निरोप घेतला तो तसाच राहू दिला.

पण मग बालदिन आला. चौदा नोव्हेंबर. मूर्तीसरांनी सगळ्या स्टाफला उभं केलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, बेबीज गुड नेम? — आता बघा, तोंड उघडलं ते काहीतरी खोटं नाव सांगायला, आणि दुसरं नावच येईना. जगात इतकी नावं आहेत. माझ्या तोंडून निघालं — सायली. झालं. दोन मिनिटं शांतता. आणि मग सरांनी जाहीर केलं, की बेबीच्या आठवणीसाठी कंपनी दर वर्षी एक फिरती ढाल देईल. कुणाला देईल, ओळखा. — नाही. — नाही, काका, तुम्ही भले आहात म्हणून तुम्हाला येणार नाही. जो वर्षात सगळ्यांत कमी रजा घेईल त्याला! — आणि त्यांना ह्यात काही चमत्कारिक वाटलं नाही हो, ते खरंच मनापासून करत होते, ढाल स्वतः जाऊन घडवून आणली. आणि पहिल्याच वर्षी मिळाली कुणाला? मलाच. कारण हिला कांजिण्या आल्या तेव्हा मला रजा मागता येईना — कुणाच्या कांजिण्या म्हणून सांगू? मेलेल्या पोरीच्या? तुम्हीच सांगा. उदय बसले तिच्याजवळ कडुनिंबाचा पाला घेऊन, आणि मी ऑफिसात दुसऱ्यांच्या पोरांचे ताप टाईप केले.

म्हणून मग ही बॅजची युक्ती. म्हटलं, कधीतरी रस्त्यात ऑफिसचं कुणी भेटायचंच. तर हिला खेळ शिकवला — छातीवर बॅज असला की मी मावशी, पुण्याची मावशी, बॅज काढला की आई. तिला फार आवडला खेळ. इतका, की सकाळी मी बॅज लावताना ती टाळ्या पिटत म्हणते, आली, मावशी आली! — पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दाराबाहेर जाऊन रडले. पण रोजचं झालं की सवय होते. वाईट तेच आहे, सवय होते.

आज येऊ नका म्हणून सांगितलं होतं मी उदयला. आज स्टॉलवर ढालीचा कार्यक्रम होता, ह्या वर्षीही मलाच मिळायची होती. पण नुमाईश उठायला आली, पोरीनं टॉय ट्रेनसाठी भोकाड पसरलं, आणि ह्यांना नाही म्हणता येत नाही. टॉय ट्रेनपाशी उभं राहा, शालींकडं फिरकू नका, एवढंच शेवटी बोलले होते मी. कुठल्यातरी टेपरेकॉर्डरचा आवाज ऐकत बसले असणार, दुसरं काय! आता फिरत असतील तिकडं वेड्यासारखे — त्यांनाही इथलं ऐकू गेलं नसेल, तिकडं ते आकाशपाळण्याचं संगीत.

तर मी ढाल घेतली हातात, फोटो निघाला, टाळ्या वाजल्या, आणि वर खांबावर तुमचा कर्णा बोलला. सायली नावाची लहान मुलगी. — मूर्तीसरांनी माझ्याकडं बघितलं. चष्मा काढला. आणि हात वर केला. सगळा स्टॉल उभा राहिला, काका. सवयच झालीय त्यांना, ते नाव आलं की माना खाली. एक गिऱ्हाईक बिचारं विचारत होतं, भाई, ये पेजर कितने का, तर शिवराजनं त्याला गप्प करून उभं केलं. कर्णा सांगतोय, पोरगी हरवलीय, लाल फ्रॉक, रडतेय, आणि खाली तिच्याच नावानं शांतता चाललीय. आणि मी — मी पळाले असं वाटलं ना तुम्हाला? कुठलीही आई पळाली असती. मी उभी राहिले. मान खाली घालून, ढाल पोटाशी धरून, पुरी दोन मिनिटं. ती संपल्यावर म्हटलं, एक्स्क्यूज मी सर, बाथरूम.

घ्या. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. हे उदयलासुद्धा नसतं सांगितलं.

पुरावा? पुरावा पाहिजे तुम्हाला अजून? — रेशनकार्ड घेऊन कोण येतं हो नुमाईशीला! — थांबा, आहे, पुरावा आहे की! ती ढालच बघा. पितळी अक्षरात कोरलंय, 'लेट बेबी सायली, डॉटर ऑफ शोभा', आणि हा माझा बॅज, शोभा. जुळतंय ना? कंपनीनं स्वतः लिहून दिलंय, ही माझी मुलगी म्हणून. — हो, लेट लिहिलंय. ते लेट सोडून बाकीचं सगळं खरं आहे, तेवढं सोडून वाचा तुम्ही — आण गं सायले ती ढाल इकडं, काकांना दाखवू दे.

काय? काय वाचतेस? — एल, ए, टी, ई. — हो, लेट. शाब्बास. — हो, तुमच्या शाळेच्या फाटकावर असते ना ती पाटी, माहितीय मला, उशिरा आलं की तिच्याखाली उभं करतात. — काय म्हणालीस?

नाही गं. नाही, नाही. तू लेट नाही झालीस. — तू हरवलीस म्हणून नाही लिहिलं ते, ते आधीच लिहिलं होतं — सॉरी नको म्हणू. सॉरी कशाला म्हणतेस तू — कुणी उभं नाही करणार तुला — अगं, 'सॉरी मावशी' काय —

काका, ह्याचं बटण कुठलं? — लाल? सरका जरा. — नाही, मीच बोलते. बोलायचीच नोकरी आहे माझी.

हॅलो. हॅलो. पेजर के स्टॉल पर मूर्तीसर के लिए एक मेसेज है. सर, मैं शोभा. खड़े मत रहिए सर, बैठ जाइए सब लोग. पापा है, सर. मेरी पापा जिंदा है, पाँच साल की है, लाल फ्रॉक में मेरे सामने बैठी है. मेरे पिताजी गुजर गए थे. कल से जब इसको बुखार आएगा, मैं छुट्टी लूँगी. मेसेज रिपीट करती हूँ. पापा है, सर. — उदय, ऐकताय ना? तंबूपाशी या.

झालं. घ्या तुमचा माईक. — कसले आवाज येतायत ते शालींकडनं? टाळ्या आहेत की आरडाओरडा? — जाऊ दे, बघू. काय गं? काय बघतेस माझ्याकडं? — हा? हा काढायचा राहिलाच. घे, काढला. धर तुझ्या हातात. आता सांग काकांना. — हळू नको, मोठ्यांदा.

ऐकलंत? — मग रडता काय, म्हातारे झालात. चल गं, बूट घाल. — ही ढाल? नाही, नको, ती राहू दे तुमच्याकडंच, हरवलेल्या सामानात. कुणी मागायला आलंच तर लगेच हातात देऊ नका हं काका — आधी ओळख पटवून घ्या.